कापलेल्या पट्टीवरचे नाव

भिवंडीत शांतीनगर, नारपोली, पद्मानगर अशा कुठल्याही वस्तीतल्या मेडिकलसमोर पाळी बदलायच्या वेळेला उभे राहिले की एक मागणी पुन्हा पुन्हा कानावर येते : सर्दीच्या दोन गोळ्या. नाव कोणी घेत नाही. 'ती पिवळी', 'ती छोटी', 'परवा नेली होती ती' एवढ्यावर काम भागते. दुकानदार खणातून पट्टी काढतो, कात्रीने दोन गोळ्यांचा तुकडा कापतो आणि उरलेली पट्टी परत ठेवतो. बॅच आणि मुदत छापलेली कडा त्याला शेवटपर्यंत राखावी लागते, म्हणून तो दुसऱ्या टोकाकडून कापत येतो. गिऱ्हाइकाच्या हातात गोळी येते आणि फॉइलवरची तुटकी अक्षरे. औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, कोणी घेऊ नये, हे सगळे खणातच राहते.

या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा एखादे अँटिहिस्टामिन असते. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन म्हणजे आपली जुनी एव्हिल, सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, नाहीतर यांपैकी एखाद्याबरोबर पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन घातलेली मिश्र गोळी. ही औषधे किती घ्यावीत, किती झाली की घातक ठरतात, यावर आरोग्यविषयक सदरांत पुष्कळ लिहिले जाते. 'लेबल वाचा, ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका' हा त्या लिखाणाचा गाभा असतो. माझा आक्षेप त्या सल्ल्याच्या गृहीतकाला आहे. लेबल हातात पडते, ते वाचता येते आणि घेतलेले औषध एकच आहे, या तिन्ही गोष्टी तिथे धरून चाललेल्या असतात. भिवंडीत बहुसंख्य गिऱ्हाइकांच्या बाबतीत यांतली एकही खरी नसते. मग मात्रा चुकली तर दोष गिऱ्हाइकाच्या अडाणीपणाचा कसा? औषध ज्या रीतीने विकले जाते त्या रीतीतच ती चूक आधीपासून असते, आणि ती दुरुस्त करायची जबाबदारी काउंटरच्या आतल्या बाजूला उभे असलेल्यांची, त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांची आणि औषध बनवणाऱ्यांची आहे.

औषध मुळात काय करते ते आधी पाहू. शिंका, नाकातून पाणी, अंगावर उठणाऱ्या गांधी आणि खाज यांमागे शरीरातले हिस्टामिन असते. त्याला अडवणारा पहिला पदार्थ डॅनिएल बोव्हे या शास्त्रज्ञाने १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखवला. पुढे १९५७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर आलेल्या पहिल्या पिढीच्या गोळ्या, म्हणजे डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, मेंदूत सहज शिरतात. हिस्टामिन मेंदूला जागे ठेवणारे रसायन आहे. ते अडले की झोप येते. शिवाय याच गोळ्या ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या एका रसायनालाही अडवतात. त्यामुळे तोंड सुकते, लघवी अडते, डोळ्यांपुढे धूसर होते, छातीत धडधडते, घाम कमी येतो. दुसऱ्या पिढीची औषधे मेंदूत फार कमी जातात. सेटिरिझिनने थोडी झोप येऊ शकते, लोराटाडिनने त्याहून कमी, फेक्सोफेनाडिनने जवळजवळ नाहीच.

प्रौढ माणसासाठी क्लोरफेनिरामिनची मात्रा ४ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, आणि २४ तासांत जास्तीत जास्त २४ मिलिग्रॅम. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला याच्या निम्मी. डायफेनहायड्रामिनची २५ ते ५० मिलिग्रॅम, दिवसाची कमाल मर्यादा ३००. सेटिरिझिन मात्र दिवसाला एकदाच, १० मिलिग्रॅम. मूत्रपिंड कमकुवत असेल तर त्याच्या निम्मे, कारण ते लघवीवाटे बाहेर पडते. लिव्होसेटिरिझिन हे सेटिरिझिनचेच कामाचे अर्धे अंग असल्याने त्याचे ५ मिलिग्रॅम पुरतात. ही वेगळी औषधे समजून सकाळी एक आणि रात्री दुसरे घेणारे लोक कमी नाहीत. ते खरे तर एकच औषध दोनदा घेत असतात.

हे आकडे सांगायला सोपे आहेत. ते ज्या माणसाच्या पोटात जातात त्याचे जगणे पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही.

भिवंडी हे देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. उत्तर प्रदेश, बिहारमधून आणि तेलंगणातून आलेले कामगार इथे बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवतात. मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मीटरवर असते, म्हणजे खाडा झाला की पैसे गेले. सूत तुटू नये म्हणून कारखान्यात हवा कोंडलेली ठेवतात. सुताचा बारीक तंतू आणि खळीची भुकटी त्या हवेत तरंगत राहते. मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामांचे जाळे पसरले आहे, तिथे हमाली करणाऱ्यांच्या वाट्याला पुठ्ठ्याची आणि रस्त्याची धूळ येते. अशा जागी नाक वाहणे, घसा खवखवणे, अंग खाजणे हा रोजच्या कामाचाच भाग होऊन बसतो. गोळी घेतली की नाक थांबते आणि पाळी भरता येते. या माणसांच्या जगण्यात सर्दीच्या गोळीचे काम एवढेच असते, आणि ते खूप मोठे असते.

पण कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, बिसिनोसिस, अँटिहिस्टामिनने बरा होत नाही. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची जुनी ओळख. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये आहे. भिवंडीतले पुष्कळसे माग मात्र इतक्या छोट्या युनिटमध्ये विभागलेले आहेत की तो कायदा त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नाही. धूळ कायम आणि गोळीही कायम, असे वर्षानुवर्षे चालते. नाक वाहायचे थांबले म्हणजे त्रास गेला असे माणसाला वाटते आणि फुप्फुसाची तपासणी लांबत जाते. मात्रा नेमकी पाळली तरी होणारे हे नुकसान आहे.

आता झोपेचे. क्लोरफेनिरामिन घेणाऱ्याला वाटते की चार-सहा तासांनी त्याचा असर उतरला. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच वीसेक तास लागतात. रात्रीची गोळी सकाळच्या पाळीतही शरीरात असते, आणि सकाळची तिच्यावर चढते. २००० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात परागज्वर असलेल्या चाळीस जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून एक अभ्यास झाला. डायफेनहायड्रामिनचे ५० मिलिग्रॅम घेतलेल्यांनी दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट गाडी चालवली. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांची गाडी मात्र औषध नसलेली गोळी घेतलेल्यांसारखीच चालली. त्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष वेगळाच आहे : स्वतःला किती झोप येते आहे असे माणसाला वाटते, त्यावरून त्याचे काम किती बिघडले आहे हे सांगता येत नाही. 'मला काही झोपबिप येत नाही या गोळीने' हे वाक्य म्हणून भरवशाचे नाही. धोटा सुटणाऱ्या मागापुढे उभा असलेला विणकर, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा मुलगा, मुंबई-नाशिक महामार्गावर रात्री ट्रक काढणारा चालक, यांच्यासाठी नेहमीची, बरोबर मोजलेली मात्रासुद्धा जास्त असू शकते. 'सुरक्षित मात्रा' हा आकडा जणू अंथरुणावर पडून राहू शकणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेला आहे, आणि पडून राहण्याची मुभा भिवंडीत फार थोड्यांना आहे.

त्यात उष्म्याची भर. पत्र्याखालच्या कारखान्यात मे महिन्यात अंगातून घामाच्या धारा लागतात, आणि त्या घामावरच शरीराचे तापमान टिकून असते. पहिल्या पिढीची अँटिहिस्टामिन घाम कमी करतात. ठरलेल्या मात्रेत निरोगी तरुणाला हे बाधत नाही. पण वय झालेले, मनोविकाराची किंवा अपस्माराची औषधे चालू असलेले आणि वर दारू घेणारे यांच्यात ही बेरीज लवकर होते. साठीतल्या माणसाची लघवी एका सर्दीच्या गोळीने तुंबली, अशी उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत. पुरःस्थ ग्रंथी वाढलेली असते, घरच्यांना ते ठाऊक नसते, गोळीवरून कोणी सांगितलेलेही नसते.

जास्त मात्रा म्हटले की मूठभर गोळ्या एकदम गिळल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. तसेही होते. रागाच्या, निराशेच्या क्षणी हाताशी असलेले औषध घेतले जाते, आणि ही गोळी जवळजवळ प्रत्येक घरात असते. पण इथली नेहमीची वाट बेरजेची आहे. मेडिकलमधून आणलेल्या मिश्र गोळीत क्लोरफेनिरामिन. रात्री खोकल्याचे सिरप, त्यात पुन्हा क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन. बेनाड्रिलच्या परिचित फॉर्म्युल्यात दर ५ मिलिलिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन असते, म्हणजे दोन चमच्यांत एका गोळीइतके. मधल्या दिवशी ताप चढला म्हणून वस्तीतल्या दवाखान्यात गेले तर तिथून कागदाची पुडी मिळते. तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्या, सकाळ-दुपार-रात्र. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेले नसते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरलाही कळत नाही. नावे तीन, दुकाने दोन, औषध एकच. पॅरासिटामॉलचीही त्याबरोबर अशीच बेरीज होते, आणि ते यकृतासाठी अधिक घातक असते : प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर अजिबात नाही. पट्टीचा तुकडा आणि पुडीचा कागद या दोन गोष्टी एकत्र आल्या की जगातला सर्वांत सावध माणूससुद्धा आपली मात्रा मोजू शकणार नाही.

मात्रा खूपच जास्त झाली तर काय दिसते हे सांगणे गरजेचे आहे, कारण ते ओळखायला घरचे लोक चुकतात. सेटिरिझिनसारख्या नव्या औषधाने बहुधा गाढ झोप आणि सुस्ती येते, लहान मूल उलट अस्वस्थ होऊन किरकिरते. जुन्या गोळ्यांचे रूप वेगळे. त्वचा गरम, कोरडी, लालसर. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. नाडी फार जोरात. माणूस असंबद्ध बोलतो, हवेत हात मारतो, चादर चिमटीत धरून ओढत राहतो, खोलीत नसलेल्या लोकांशी बोलतो. पुढे झटके येऊ शकतात. फेनिरामिनच्या अतिमात्रेत ते विशेष पाहिलेले आहेत. हृदयाची लय बिघडू शकते. गावाकडच्या डॉक्टरांना हे चित्र धोत्र्याच्या विषबाधेतून चांगले ओळखीचे आहे, कारण धोत्रा आणि या गोळ्या शरीरातल्या त्याच एका रसायनाला अडवतात. घरच्यांना मात्र ते 'बाहेरचे काही' वाटते. कोणी अंगारा लावतो, कोणी उतारा टाकतो, कोणी दर्ग्यावर नेतो. श्रद्धेशी माझा वाद नाही. पण अचानक बरळू लागलेल्या माणसाचे अंग गरम आणि कोरडे असेल, तर पहिले काम त्याने गेल्या दोन दिवसांत काय गिळले ते शोधण्याचे, आणि दुसरे काम रुग्णालयात नेण्याचे. १०८ वर रुग्णवाहिका मागवता येते. शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मार्गदर्शन करते, डॉक्टरांनाही आणि घरच्यांनाही. उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये, झोप उतरवायला कॉफी देऊ नये. उरलेल्या गोळ्या, बाटली, पुडीचा कागद, जे सापडेल ते सोबत न्यावे. हृदयाचा आलेख बदलला असेल तर सोडियम बायकार्बोनेट शिरेतून देतात, झटके आणि बेचैनी यांवर वेगळी औषधे असतात. पण हे सगळे वेळेत पोहोचलेल्यासाठी.

मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे आणि त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे ड्रॉप्स येतात. दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आणि ५ मिलिग्रॅम फिनाइलएफ्रिन. याच औषधांचे सिरपही येते, आणि त्यात साधारणपणे तेवढेच क्लोरफेनिरामिन ५ मिलिलिटरमध्ये असते. बाटली लहान, चव गोड, चित्र बाळाचे. ड्रॉपर हरवतो. आई किंवा आजी घरातला चमचा घेते. त्या एका चमच्यात, ५ मिलिलिटरमध्ये, १० मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन जाते. धडधाकट पुरुषाची एका वेळची मात्रा ४ मिलिग्रॅम आहे. बाळाच्या पोटात त्याच्या अडीच पट गेले, आणि सोबत २५ मिलिग्रॅम फिनाइलएफ्रिन. यात आईने काय चूक केली? तिला चमचा आणि ड्रॉपर यांतला फरक कोणी सांगितला नव्हता, आणि बाटलीवर तो तिला वाचता येईल अशा लिपीत छापलेला नव्हता.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी १८ डिसेंबर २०२३ रोजी राज्यांना कळवले की हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा. एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघाली. मधल्या सोळा महिन्यांत किती जुन्या बाटल्या विकल्या गेल्या असतील याचा विचार मन अस्वस्थ करतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ सिरप प्यायलेली वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्यांतली अनेक उपचारांसाठी नागपूरला आणली होती. ते मृत्यू डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकाच्या भेसळीने झाले, अँटिहिस्टामिनच्या मात्रेने नव्हे, आणि ही दोन्ही पापे वेगळी मोजली पाहिजेत. तरी एक प्रश्न उरतो. त्या सिरपच्या लेबलावर पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन हेच तीन पदार्थ होते. दगावलेली मुले बहुतेक पाच वर्षांखालची. शुद्ध असते तरी ते औषध त्या वयात देण्याचे कारण नव्हते. लहान मुलाची साधी सर्दी अँटिहिस्टामिनने लवकर बरी होते याला पुरावा नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचे दूध, पातळ पेज आणि वाट पाहणे हाच त्यावरचा खरा उपचार आहे. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितले की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत.

आणखी एक औषध घरात वेगळ्याच नावाने येते : 'भूक लागायचे'. ते सिप्रोहेप्टाडिन, म्हणजे अँटिहिस्टामिनच. मूल बारीक आहे, खात नाही म्हणून महिनोन्महिने ते दिले जाते. त्याच मुलाला सर्दी झाली की वर सर्दीचे सिरप. मूल शाळेत पेंगते आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही.

नशेच्या बाजारातही क्लोरफेनिरामिन लपलेले आहे, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. जून २०२२ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने भिवंडीजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर कोडिनयुक्त खोकल्याच्या सिरपच्या ८,६४० बाटल्या पकडल्या. बातम्या कोडिनच्या होत्या. पण अशा अनेक सिरपांत कोडिनचा जोडीदार क्लोरफेनिरामिन असतो. जुन्या कोरेक्सचे प्रमाण दर ५ मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम होते. शंभर मिलिलिटरची बाटली एका दमात संपवणारा मुलगा ८० मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन पितो, दिवसाच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि तेही श्वास मंदावणाऱ्या कोडिनच्या सोबतीने. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेले तर अफूवर्गीय औषधाचाच विचार होतो. जून २०२३ मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या चौदा मिश्रणांत क्लोरफेनिरामिन-कोडिन सिरपही होते.

कायद्याकडे वळले की गोंधळ आणखी वाढतो. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांची वेगळी कायदेशीर वर्गवारी भारतात नाही. १९४५ च्या औषध नियमावलीत अनुसूची 'जी' आहे, आणि तिच्यात क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, सिप्रोहेप्टाडिन ही सारी जुनी अँटिहिस्टामिन आहेत. या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीविना ती घेणे धोक्याचे आहे असा इशारा छापावा लागतो. म्हणजे नियमकर्त्यांना धोका ठाऊक होता. त्यांनी इशारा इंग्रजीत, वेष्टनावर ठेवला, आणि कात्रीचा विचार केला नाही.

मे २०२२ मध्ये केंद्राने सोळा औषधे चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा काढला. एका वेळी पाच दिवसांपुरतीच द्यावीत, ही त्यातली अट शहाणपणाची होती. पण ॲलर्जीसाठी त्या यादीत निवडले ते डायफेनहायड्रामिन. ज्या काळात जगभरचे ॲलर्जीतज्ज्ञ हे औषध मागे घ्या म्हणू लागले होते, त्या काळात आपण त्याला पुढच्या दाराने आत घेऊ पाहत होतो. २०२५ साली जागतिक ॲलर्जी संघटनेच्या नियतकालिकात अमेरिकी तज्ज्ञांनी तर त्याला कायमचा निरोप द्यावा असे स्पष्ट लिहिले. सुरक्षित, स्वस्त आणि दिवसातून एकदाच घ्यायचे सेटिरिझिन किंवा लोराटाडिन समोर असताना ही निवड मला समजत नाही. सेटिरिझिनही निर्दोष नाही. महिनोन्महिने रोज घेऊन ते एकदम थांबवले तर काहींना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. वर्षानुवर्षे 'खाजेची गोळी' घेणाऱ्या आपल्या विणकराला तो लागू आहे : खाज परत आली म्हणून तो गोळी पुन्हा सुरू करतो, आणि ती खाज कदाचित गोळी थांबवल्याचीच असते. तरीही अतिमात्रा झाली तर जीव वाचण्याची शक्यता या औषधात कितीतरी जास्त आहे, आणि धोरणाने तेवढे पाहायलाच हवे.

काहीजण म्हणतील, सरळ चिठ्ठीची सक्ती करा. महाराष्ट्राने तो रस्ता थोडा चालून पाहिला आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि बिल दिलेच पाहिजे, याची कडक अंमलबजावणी झाली. औषधविक्रेत्यांनी संप केले. ती मोहीम मला योग्य वाटली होती, आजही वाटते, कारण परवान्यावरचा फार्मासिस्ट आणि काउंटरवरचा पोरगा या दोन वेगळ्या व्यक्ती असणे हा मुळातला रोग आहे. पण सर्दीच्या प्रत्येक गोळीला चिठ्ठी मागितली तर भिवंडीत काय होईल ते दिसतेच आहे. डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी मिळून गोळीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च. माणूस बोगस डॉक्टरकडे जाईल, आणि तिथे पुडी मिळेल. पट्टीच्या तुकड्यावर निदान अर्धे नाव तरी असते.

सुट्या गोळ्या विकण्यावर बंदी घाला, हेही मला मान्य नाही. दोन गोळ्या घेणाऱ्याला दहा घ्यायला लावणे अन्यायाचे आहे. शिवाय घरात आठ गोळ्या उरणे हाच धोका. ब्रिटनने १९९८ साली पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी केली आणि त्या औषधाने होणारे मृत्यू घटले. आपली कात्री नकळत तेच काम करते आहे. म्हणून कात्री राहू द्यावी, पट्टी बदलावी. प्रत्येक गोळीच्या खळग्यामागे औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि मुदत छापता येते. फॉइल तेच, शाई तीच, साचा बदलायचा. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगलेच झाले, पण तोही एका जागी छापलेला असतो आणि कापताना तोही खणात राहतो.

बाकी काम ठाण्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाने, भिवंडी महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेने मिळून करायचे आहे, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. सुटी गोळी देताना छोट्या कागदी पाकिटावर नाव लिहून द्यायचे. 'दुसरे काही औषध चालू आहे का, माग किंवा गाडी चालवता का' हे दोन प्रश्न विचारायचे. हो म्हणाला तर क्लोरफेनिरामिनची मिश्र गोळी न देता साधे सेटिरिझिन किंवा लोराटाडिन द्यायचे. सेटिरिझिन दिले तर पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यायला सांगायचे. पुडी देणाऱ्या डॉक्टरांकडून पुडीवर औषधांची नावे लिहून घेण्याचा आग्रह वैद्यकीय परिषदांनी धरायचा. आणि लहान मुलांच्या ड्रॉप्सची बाटली, तिच्यावरचा चार वर्षांचा इशारा मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत चिकटवल्याशिवाय, एकाही दुकानातून बाहेर जाऊ द्यायची नाही. येत्या हिवाळ्यात सर्दीचा मोसम सुरू होईल, त्याच्या आत.